बाईंचे जावई

लोक विचारतात, तुम्ही ह्या लाइनमध्ये कसे आलात? मी सांगतो, कोर्स केला. हे खोटं नाही. ऑनलाइन कोर्स केलेला आहे, सर्टिफिकेट मिळालेलं आहे, ते फ्रेम करून भिंतीवर लावलेलंही आहे. पण त्या सर्टिफिकेटकडे बघून आजवर माझ्याकडे एकही माणूस आलेला नाही. आले ते सगळे बाईंचे. हे मी कुणाला सांगत नाही. मुळात मी कुणाला काहीच फारसं सांगत नाही. बायको म्हणते, ह्यांच्या तोंडून गोष्ट काढायची म्हणजे बरणीच्या तळाचं लोणचं काढायचं. हात आत जात नाही आणि चमचा पुरत नाही. त्यात मला अपराधी वाटण्याची जुनी खोड आहे. सोसायटीतली लाइट गेली तरी वाटतं, आपल्याच घरात काहीतरी जास्त चालू राहिलं असणार. तेव्हा बाईंचं खाऊन बाईंचं नाव न घेणं हे मला किती टोचत असेल, बघा. नाव आजही घेणार नाही, कारण त्यांनाच ते आवडायचं नाही. पण बाकीचं सांगून टाकतो.

बाई डोंबिवलीत वधू-वर सूचक मंडळ चालवायच्या. मंडळ म्हणजे त्या एकट्याच. स्वतःचं लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी खोचून विचारलं की म्हणायच्या, "हलवाई स्वतःचे पेढे खातो का?" पत्रिका, गोत्र, पगार हे सगळं त्या बघायच्या, पण नुसतं बघायला. खरा निर्णय त्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात घ्यायच्या. मुलगी बघायला आलेले सगळे मुलीकडे बघत असताना बाई मुलाच्या आईकडे बघत. ती बशी खाली ठेवते की कुणाच्या हातात देते, मुलाचा बाप पाणी मागतो की पाण्याकडे नुसता बघतो आणि पाणी येतं, ह्यावर त्यांनी कितीतरी घरं नाकारली.

मग एके दिवशी त्यांनीच लग्न लावून दिलेल्या एका मुलीचा फोन आला. रोज डोकं दुखतं म्हणे.

"डॉक्टरकडे जा."

"जाऊन आले. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

"मग मला कशाला सांगतेस?"

"लग्न तुम्ही जमवलंत ना," ती मुलगी म्हणाली.

ह्या वाक्यानं बाई हादरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीच्या दारात हजर. "अगं, मिक्सरवाला पण वॉरंटी देतो," त्या म्हणाल्या, "मी तर तुला आख्खा माणूस दिलाय." त्या घरात दोन तास बसून पोहे खाल्ले, आणि मुलीला काहीही न सांगता सासऱ्यांना सांगितलं की उद्यापासून टीव्हीचा आवाज निम्मा. डोकं दुखायचं थांबलं. बातमी पसरली. बाईंनी जमवलेली लग्नं डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत आणि तिकडे मोहन्यापर्यंत पसरलेली होती. कुणाला पित्त, कुणाला झोप नाही, कुणाचं वजन. सगळ्यांनी बाईंना गाठलं. 'होलिस्टिक वेलनेस कोच' हे शब्द त्यांना कुणा आयटीतल्या मुलीनं दिले. त्यांना ते आवडले. अर्थ विचारला तर सांगायच्या, "दुखतंय सुनेचं पोट आणि विचारायचं सासूला, ह्याला होलिस्टिक म्हणतात."

एक मात्र होतं. आधी डॉक्टर. तपासण्या झाल्याशिवाय बाई उंबरा ओलांडायच्या नाहीत. डॉक्टरनं 'काही नाही' म्हटलं की म्हणायच्या, "चला, आता माझं दुकान उघडलं."

लग्न जमवलेल्या सगळ्या मुली त्यांनी आपल्या मानलेल्या, त्यामुळे सगळे नवरे त्यांचे जावई. आणि जावई म्हटला की त्याचा मान ठेवायचा असतो ही जगाची रीत बाईंना मान्य नव्हती. ठाकुर्ली स्टेशनबाहेर भाजीवाल्यांपाशी बाई उभ्या दिसल्या की भलेभले मॅनेजर लोक रस्ता बदलायचे. कुणी फोन कानाला लावायचा, कुणी हातातला भज्यांचा पुडा लॅपटॉपच्या बॅगेत कोंबायचा. पण बाईंचा आवाज पोचायचाच. "अहो जावईबापू! आज भाजी तुम्ही घ्यायची होती ना? मग मेथी अशी धरतात का? ती काय फाइल आहे?" भाजीवाली हसायची आणि जावयाच्या पिशवीत एक कढीपत्त्याची काडी जास्त टाकायची.

मीही त्यांचाच जावई. आमचं लग्न बाईंनीच जमवलेलं. एकदा धीर करून विचारलं होतं, आमच्यात तुम्हाला काय दिसलं? म्हणाल्या, "पत्रिका तर जुळत नव्हती. पण म्हटलं, दोघंही गप्प बसणारी आहेत, भांडणं तरी होणार नाहीत." मग थोडं थांबून, "तेव्हा मला कमी कळायचं."

ठाण्याची आमची कंपनी दुसऱ्या राज्यात गेली, मी गेलो नाही. ह्या वयात कोण नोकरी देणार म्हणून हा कोर्स केला आणि ठाकुर्लीला एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. बोर्ड लावला, पत्रकं छापली. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचो आणि बसायचो. जे वर यायचे ते विचारायचे, "आधार कार्डाची कॉपी इथेच का?" मी खाली बोट दाखवायचो आणि त्याचंही वाईट वाटून घ्यायचो. घरी बायको रोज विचारायची नाही, कसं चाललंय म्हणून. तिचं ते न विचारणं फार जड व्हायचं. तिच्या बालवाडीच्या पगारावर घर चाललेलं होतं.

एके दिवशी जिन्यावर धापा ऐकू आल्या आणि दारात बाई. "बोर्डावर नाव वाचलं, म्हटलं हा आपला जावई. काय मिळतं इथे?"

मी पत्रक पुढे केलं. सिल्व्हर पॅकेज, गोल्ड पॅकेज. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "चांदी, सोनं... आणि मंगळसूत्र कितीला?"

मी कोर्समध्ये शिकवलेलं सांगायला लागलो. करिअर टिकाऊ कसं करायचं, आलेला क्लायंट कसा टिकवायचा, महिन्याभरानं त्याला पुढच्या पॅकेजवर कसं न्यायचं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्याला बरं होऊ द्यायचं नाही?"

"तसं नाही, पण..."

"माझे मी हाकलून देते. बरं वाटलं की फोन करायचा नाही, अशी ताकीद. तरी मला काम कमी पडत नाही. का सांगा?"

"का?"

"कारण लग्नं टिकतात हो!" बाई म्हणाल्या. "लग्न टिकलं की धंदा टिकतो. उठा, ही पिशवी धरा. कल्याणला जायचंय."

अशी माझी नेमणूक झाली. पिशवीत एक स्टीलची वाटी-चमचा असायचा, कारण पोहे त्या स्वतःच्याच वाटीत खायच्या. "त्यांच्या बशीत खाल्लं की त्यांचं मीठ लागतं. मग खरं बोलता येत नाही." मला हे शास्त्र कळलं नाही, कारण मीठ पोह्यांतही असतंच. पण विचारायचं धाडस झालं नाही. फी त्या आहेरासारखी घ्यायच्या. बंद पाकीट, वर नाव नाही, आत किती हे बघायचं नाही. घरात शिरल्या की आख्खं कुटुंब समोर हवं, मुलगी बघायला आल्यासारखं. कोणी कुठे बसायचं ते सांगायच्या नाहीत. सगळे आपापल्या जागी बसले की ज्या खुर्चीवर कुणीच बसलं नाही तिच्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "ही कुणाची?" त्या एका प्रश्नावर मी एका घरात आजोबांना रडताना पाहिलंय आणि दुसऱ्या घरात इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग सापडलेला पाहिलाय.

बाईंचे उपाय ठरलेले होते. त्यातला एक बुधवारचा. नवराबायकोनं दर बुधवारी भांडायचं. गुरुवारी नको, अर्ध्या लोकांचा उपास असतो, दम पुरत नाही. विषय लहान घ्यायचा: पंखा किती वर, पडदा उघडा की बंद. "साचलेलं काढलं नाही की ते पित्त होऊन वर येतं."

कल्याणचं ते जोडपं भयंकर सभ्य होतं. तू म्हणशील तसं, नाही, तुम्ही म्हणाल तसं, असं करत त्यांनी दोन वर्षं सोफ्याचं कापड निवडलेलं नव्हतं. त्याला झोप नाही, तिला पित्त. बाईंनी बुधवार सांगितला. पुढच्या खेपेला गेलो तर दोघंही ओशाळलेले. विषयच सुचला नाही म्हणे.

बाई माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, उभे राहा. माझ्याशी भांडा."

"मी?"

"ह्यांना दाखवायचंय. बोला काहीतरी. मनातलं."

मनातलं म्हटल्यावर मला घामच फुटला. "तुम्ही... तुम्ही ती पिशवी सारखी माझ्याकडे देता."

"मग? नाजूक आहात?"

"नाही, पण विचारत नाही. नुसती देता."

"विचारायचं काय त्यात? हात रिकामे असतात तुमचे. डोकं तर असतंच."

तो नवरा सोफ्यावर पुढे सरकला. "सॉरी बाई, पण ह्यांचं बरोबर आहे. विचारायला काय जातं?"

"काय बरोबर आहे?" त्याची बायको. "एक पिशवी धरली तर हात झिजतात? तुम्ही परवा दळण आणलंत तेव्हा पण तोंड असंच केलेलं."

"मी तोंड केलं?"

"केलं. आणि सोफ्याचं कापड तुम्हाला मुळात आवडलेलंच नव्हतं, ते सांगा ना!"

"ते विटकरी? कुणाला आवडेल ते विटकरी?"

"माझ्या आईला!"

बाईंनी वाटीतला शेवटचा शेंगदाणा खाल्ला आणि माझ्या कानाशी आल्या. "लागलं. चला आता, पाहुण्यांसमोर मोकळेपणा येत नाही." जिन्यात त्यांनी नेहमीसारखी पिशवी माझ्यापुढे धरली. मग थबकल्या. "देऊ का?" म्हणाल्या. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

पण बाईंचा हुकमी उपाय वेगळा होता. तो पोळीचा. ज्या घरात बाईला थकवा, चिडचिड, केस गळणं आणि रिपोर्ट नॉर्मल, तिथे बाई कुटुंबाला सांगायच्या: "उद्यापासून पहिली गरम पोळी करणारीनं खायची. तिथंच, तव्यापाशी. आणि घरच्यांनी समोर बसायचं." ह्यावर सासवा म्हणायच्या, पहिली गायीची. बाई म्हणायच्या, "तुमच्या चौथ्या मजल्यावर गाय कधी आली होती?" महिन्यानं फोन यायचा, बाई, फार छान वाटतंय. एकूण एक घरातून हाच फोन. मी इतका भारावलो होतो की घरीही सुरू केलं. बायको बालवाडीतून आली, पोळ्यांना उभी राहिली की मी ओट्यापाशी स्टूल घेऊन बसायचो, पहिली पोळी तिला भरवल्यासारखी द्यायचो आणि मग आम्ही तिघं, म्हणजे कॉलेजातली मुलगीसुद्धा, एकत्र जेवायचो. मी मायेनं विचारायचो, कसं वाटतंय? ती म्हणायची, छान. मला वाटायचं, आयुष्यात एक गोष्ट तरी धड करतोय.

मग बाईंचे गुडघे गेले. जिने होईनात. टिटवाळ्याला बहिणीकडे राहायला जायचं ठरलं. सगळ्या मुली कुणाच्या तरी ओटीत घालायला हव्या होत्या. मी पिशवी धरून उभाच होतो. खोलीचं भाडं थकायच्या बेतात होतं. बाईंची घरं मिळाली तर मी उभा राहणार, नाहीतर बोर्ड उतरवून कुठल्यातरी गोडाऊनमध्ये सुपरवायझर व्हायचं, एवढं ते सरळ होतं. बायकोनं तोवर एकदाच विचारलेलं, "बाई काय म्हणतात?" त्या एका प्रश्नात सगळं होतं.

"देईन ना," बाई म्हणाल्या. "पण मुली द्यायच्या म्हणजे घर बघावं लागेल."

"आमचं? तुम्ही पाहिलंय की, लग्नात."

"तेव्हा तुमच्या आईचं होतं. रविवारी येते. पोहे करा."

तो आठवडा आमच्या घरानं कसा काढला ते विचारू नका. पोहे मीच करणार असं मी जाहीर केलं. मला पोहे भिजवतात की नुसते धुतात हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी खळ झाली. मग रोज सराव, रोज पोहे. मुलगी म्हणाली, "बाबा, सीरियसली, एवढं तर बोर्डाच्या परीक्षेला पण नव्हतं." मग बसण्याची तालीम. मी बायकोला म्हटलं, "बाई आल्या की तू उठायचं नाहीस. तुझ्या खुर्चीवर बसून राहायचं."

"माझी कुठली?" तिनं विचारलं.

मी चारही खुर्च्यांकडे बघितलं. माझी होती, मुलीची होती, एकीवर पेपरची रद्दी आणि एक भिंतीला लावलेली. रद्दी उचलली आणि म्हटलं, "ही." ती बसली. वेटिंग रूममध्ये बसतात तशी बसली.

"आणि पहिली पोळी कोण खातं म्हणून विचारलं तर..."

"आई!" मुलगी म्हणाली. "पाठ आहे, बाबा."

रविवारी बाई आल्या. मुलीनं आणि मी खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं. बसल्या, वाटी काढली, मी पोहे वाढले. दोन चमचे खाल्ले. "चांगलेत. मीठ दोनदा पडलंय, पण ते घाबरून पडलंय." मी मान खाली घातली. बायको खुर्चीवर ताठ. दोनदा अर्धवट उठली, दोनदा मी डोळ्यांनी बसवली. बाईंना हे दिसलं नसेल असं समजायला मी मूर्ख नव्हतो, पण आशा मूर्खच असते.

"बरं," बाई म्हणाल्या, "ह्या घरात पहिली पोळी..."

"आई खाते," मुलगी प्रश्नाच्या आधीच म्हणाली.

बाईंनी माझ्या बायकोकडे बघितलं. "काय गं? छान वाटतं?"

तिनं पदर सारखा केला. एक 'हो' म्हटलं की संपलं. सगळी घरं आमची.

"बाई, खरं सांगू?" ती म्हणाली. "नका देऊ ती पोळी मला."

"म्हणजे?"

"सकाळभर पोरं 'टीचर, टीचर' करतात. घरी आले की हे 'अगं, अगं'. आधी बरं होतं. ह्यांना वाढायचं, हिला वाढायचं, सगळे उठून गेले की दोन वाजता मी बसायचे. मोबाईलवर मालिका लावायची. भाताची खरपुडी असते ना तळाची, ती तुपाबरोबर खायचे. लोणचं दोनदा घ्यायचे. कुणी बघत नाही. ह्यांना वाटायचं मी उरलेलं खाते." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "उरलेलं नसतं हो ते. ठेवलेलं असतं."

मुलगी माझ्याकडे बघतेय, मी पोह्यांकडे.

"आणि आता," तिचा आवाज जरा चढला, लग्नानंतर मी तो पहिल्यांदा चढलेला ऐकला, "आता हे समोर स्टुलावर बसतात! घास तोंडात गेला की विचारतात, कसं वाटतंय? मी घास गिळू की उत्तर देऊ? छान म्हणते, म्हणजे हे उठतील. उठत नाहीत!"

बाईंनी वाटी खाली ठेवली. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, इतक्या घरांत त्यांच्याबरोबर गेलेलो, पण अर्धी वाटी खाली ठेवलेली कधी पाहिली नव्हती. "मग तू फोनवर मला 'छान वाटतंय' असं का म्हणालीस?"

"तुम्ही लग्न जमवलंत, बाई. तुम्हाला कसं सांगणार?"

मला वाटलं, गेलं सगळं. मग बाईंच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मी पाणी आणायला धावलो. परत आलो तर त्या हसत होत्या, डोळे पुसत हसत होत्या. "जावईबापू, रिक्षा बोलवा. आणखी किती जणी छान म्हणाल्यात ते बघायला हवं."

गुडघ्यांसकट त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस आम्ही जमतील तेवढी घरं फिरलो. बाई वर चढायच्या नाहीत. मुलींना खाली गेटपाशी बोलवायच्या आणि रिक्षात बसूनच उलटतपासणी घ्यायच्या. एक म्हणाली, "बाई, माझी पोळी काढून घेऊ नका हां, तेवढं एकच माझ्या हक्काचं आहे." दुसरी म्हणाली, मी खाते, पण सासूबाई समोर बसून घास मोजतात. मोहन्याची एक जण बाईंची फार लाडकी, ती रिक्षेच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, रागावू नका. पण पहिली पोळी कधी चांगली होते का? तवा तापलेला नसतो. ती कडक तरी होते नाहीतर कच्ची तरी. दुसरी सांगायची होती तुम्ही."

"दुसरी?"

"तुम्ही पोळ्या करत नाही का, बाई?"

बाई रस्त्याकडे बघायला लागल्या. "माझ्याकडे पोळी-भाजी केंद्रातून येतात," म्हणाल्या. "फॉइलमध्ये. मला वाटायचं, तव्यावरची म्हणजे काय असेल..." आणि पुढचं वाक्य त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "चला हो, मीटर बघत बसू नका."

ठाकुर्लीला परत आल्यावर त्यांनी निकाल दिला. "तुमचं घर नापास."

"हो," मी म्हणालो.

"तालीम केलेली कळली. ती खुर्ची आधी कुणाची नव्हती. तिच्यावर पेपरची शाई आहे अजून, तुमच्या बायकोच्या साडीला लागली." मी मान डोलावली. "पण मुली तुम्हालाच देते. का सांगा?"

"का?"

"माझ्यावर सगळ्यांचा फार विश्वास होता, म्हणून कुणी खरं बोललं नाही. तुमच्यावर कुणाचाच बसणार नाही. तुमचा स्वतःचासुद्धा नाही. हे ह्या धंद्याला फार बरं." त्यांनी पिशवी, वाटी-चमच्यासकट, माझ्या मांडीवर ठेवली. "एक अट. दुपारी दोन ते तीन तुम्ही तुमच्या घरात दिसता कामा नये. मुलगीही नाही. कुठे जायचं ते तुमचं तुम्ही बघा."

कुठे जाणार? खोलीवर. म्हणून माझ्या बोर्डावर लिहिलंय, भेटण्याची वेळ दुपारी दोन ते तीन. क्लायंट विचारतात, नेमकी हीच वेळ का? मी डोळे मिटून म्हणतो, ह्या वेळेला शरीर मोकळं असतं. हे त्यांनी आता एकमेकांना सांगायला सुरुवात केली आहे. परवा एकानं मला विचारलं, हे आयुर्वेदात आहे का योगात? मी म्हटलं, दोन्हीच्या आधीचं आहे. खरं कारण आज पहिल्यांदा लिहितोय. धंदा तसा बरा चालतो. सोनं-चांदीची पत्रकं झेरॉक्सवाल्याला पाठकोरी म्हणून दिली. कुणाला काय करायचं ते मी पटकन सांगत नाही, मला कळतच नाही पटकन; लोक म्हणतात, सर फार खोल विचार करतात.

बाई टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगींमध्ये पुन्हा लग्नं जमवायला लागल्यात. तिथे माणसं नवी आहेत, त्या म्हणतात, पहिल्यापासून सुरू करता येतं. मी भेटायला गेलेलो तेव्हा बहिणीनं त्यांना तव्यावरची पोळी वाढली. दुसरी. मी विचारलं, "कशी आहे?" बाईंनी सावकाश घास खाल्ला. "चटका बसतो," म्हणाल्या, आणि पुढची मागितली.

काल लोकलचा मेगाब्लॉक होता, गाड्या बंद, कुणी फिरकलं नाही. खालचं झेरॉक्सचं दुकानही बंद. बसून बसून कंटाळलो आणि अट मोडली. घरापर्यंत आलो. किल्ली काढली, पण लावली नाही. आतून मालिकेतल्या कुणाच्या तरी सासूचा आवाज येत होता आणि मधेच भांड्याच्या तळाला उलथणं खरवडल्याचा. मग बायको एकटीच हसली. एवढं मोठं हसते हे मला ठाऊक नव्हतं. मी तसाच उभा राहिलो, श्वाससुद्धा हळू घेत. तेवढ्यात मालिकेचा आवाज बंद झाला.

"कोण आहे?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

"मग तीनला या," ती म्हणाली, आणि मालिका परत सुरू झाली.